मूत्रपिंडातील पाणी व क्षार संतुलनाचे संप्रेरकीय नियमन

मूत्रपिंडातील पाणी व क्षारांच्या संतुलनाचे नियमन प्रामुख्याने व्हॅसोप्रेसिन, अल्डोस्टेरॉन आणि अलिंदीय नॅट्रियुरेटिक पेप्टाइड ही संप्रेरके करतात. व्हॅसोप्रेसिन पाण्याचे, अल्डोस्टेरॉन सोडियम व पोटॅशियमचे प्रमाण राखते, तर नॅट्रियुरेटिक पेप्टाइड अतिरिक्त सोडियम शरीराबाहेर टाकण्यास मदत करते.

पार्श्वभूमी

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या दोन्ही मूत्रपिंडांत दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो; त्यातून मूत्र मात्र साधारण दीड ते दोन लिटर तयार होते. गाळलेल्या पाण्याचा व सोडियमचा सुमारे दोन तृतीयांश भाग समीपस्थ नलिकेत परत शोषला जातो. संप्रेरकांचे सूक्ष्म नियंत्रण मुख्यतः दूरस्थ व संग्राहक नलिकांतील उरलेल्या अल्प भागावर चालते.

व्हॅसोप्रेसिन

हे संप्रेरक मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते व पश्च पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडले जाते. रक्ताची तर्षणता एक-दोन टक्क्यांनी वाढली, तरी त्याचा स्राव वाढतो. त्याच्या प्रभावाने संग्राहक नलिकेच्या पेशीपटलावर ॲक्वापोरिन-२ ही जलवाहिनी प्रथिने येतात, पाणी परत शोषले जाते व मूत्र संहत होते. ॲक्वापोरिनच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

रेनिन–अँजिओटेन्सिन–अल्डोस्टेरॉन प्रणाली

मूत्रपिंडाकडे येणारा रक्तदाब घटल्यास मूत्रपिंड रेनिन स्रवते. त्यातून अँजिओटेन्सिन-२ तयार होते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते व अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन स्रवण्यास उद्युक्त करते. अल्डोस्टेरॉनमुळे सोडियम शरीरात राखले जाते आणि पोटॅशियम मूत्रात सोडले जाते.

अलिंदीय नॅट्रियुरेटिक पेप्टाइड

रक्ताचे आकारमान वाढून हृदयाचे अलिंद ताणले गेले की हे पेप्टाइड स्रवते. ते रेनिन व अल्डोस्टेरॉनचा स्राव कमी करून सोडियमचे उत्सर्जन वाढवते.

दमट हवेतील परिणाम

मुंबईच्या दमट उन्हाळ्यात घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे शरीर पुरेसे थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांतील विणकाम विभागांत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवली जात असे. घामात रक्तापेक्षा क्षार कमी असल्याने आधी व्हॅसोप्रेसिन वाढते. रक्ताचे आकारमान घटल्यावर अल्डोस्टेरॉनही वाढते व घामातील सोडियम कमी करते. अशा वेळी क्षारांशिवाय केवळ साधे पाणी भरपूर प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, कारण व्हॅसोप्रेसिन पाणी शरीरात धरून ठेवते.

लेप्टोस्पायरोसिस

नलिका निकामी झाल्यास संप्रेरकांचा आदेश निष्फळ ठरतो, याचे मुंबईतील परिचित उदाहरण म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या काळात शहरात या रोगाची साथ आली. उंदरांच्या व इतर प्राण्यांच्या मूत्रातील जिवाणू साचलेल्या पाण्यात मिसळून जखमेतून शरीरात शिरतात. त्यामुळे दादर-परळ भागातील हिंदमातासारख्या सखल ठिकाणच्या पाण्यातून चालणाऱ्यांना धोका असतो.

तीव्र मूत्रपिंड निकामी होण्याच्या इतर अनेक प्रकारांत मूत्र घटते व रक्तातील पोटॅशियम वाढते. लेप्टोस्पायरोसिसमध्ये मात्र अनेकदा मूत्राचे प्रमाण टिकून राहते आणि पोटॅशियम कमी होते. समीपस्थ नलिका बाधित झाल्याने जास्त सोडियम पुढील नलिकांत पोहोचते. तेथे वाढलेल्या अल्डोस्टेरॉनमुळे सोडियम शोषले जाताना पोटॅशियम मूत्रात जाते. संग्राहक नलिका व्हॅसोप्रेसिनलाही पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे पाणीही वाया जाते. म्हणूनच भरपूर मूत्र होणे हे मूत्रपिंड सुरक्षित असल्याचे लक्षण मानता येत नाही. उपचारात रक्तातील पोटॅशियमची वारंवार तपासणी आवश्यक ठरते. पोटॅशियम फार घसरल्यास स्नायू दुर्बल होतात व हृदयाची लय बिघडू शकते.

प्रतिबंधासाठी मुंबई महानगरपालिका साचलेल्या पाण्यातून चाललेल्या नागरिकांना वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेण्याचे आवाहन करते.