थरथरणारं वॉशिंग मशीन: आधी पाय तपासा

कपडे पिळायची वेळ आली की मशीन धडधडतं, कधी सरकत सरकत भिंतीला टेकतं. बहुतेक वेळा आत काही बिघडलेलं नसतं. चारपैकी एखादा पाय जमिनीला नीट टेकलेला नसतो. वाशीमकडच्या घरांत मशीन बरेचदा मोरीच्या कडेला असतं, आणि पाणी वाहून जावं म्हणून तिथल्या फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो. हा उतार मशीनच्या पायांनी भरून काढायचा असतो.

टॉप लोड मशीनचा टब पिळताना मिनिटाला साधारण 700 फेरे घेतो. अर्धा किलो ओलं कापड एकाच बाजूला, मध्यापासून 22 सेंटिमीटरवर गोळा झालं, तर टबला बाहेर ओढणारा जोर सुमारे 60 किलो वजनाइतका होतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट. टब स्प्रिंगवर टांगलेला असल्याने बराचसा धक्का आतच जिरतो, उरलेला पायांतून फरशीत उतरतो. पाय अधांतरी असेल तर मशीन तिथेच आपटतं.

आधी प्लग काढा, नळ बंद करा, मशीन रिकामं करा. समोरासमोरचे तिरपे दोन कोपरे आलटून पालटून दाबा. डुललं, तर त्या जोडीतला एक पाय वर आहे. पायाच्या स्क्रूवर एक चपटा नट असतो. तो पान्याने सैल करा. पाय फिरवून बाहेर काढला की तो कोपरा उचलला जातो. पाय शक्य तितके आतच ठेवा, लांब पाय जास्त हलतात. मग झाकणावर गवंड्याची पाणसळ आधी आडवी, मग उभी ठेवून बुडबुडा मध्यावर आणा. शेवटी प्रत्येक नट वर, मशीनच्या तळाला घट्ट भिडेपर्यंत आवळा. हा नट सैल राहिला, तर थरथरीने पाय पुन्हा फिरतो. मागचे पाय फिरत नसतील, तर त्यांच्याखाली कडक रबराचा सपाट तुकडा द्या. चाकांच्या स्टँडवर मशीन ठेवू नका.

एकदा लेव्हल केलं म्हणजे कायमचं झालं असं नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खालचा भराव नीट दाबलेला नसेल तर फरशीही हलते. म्हणून दोन्ही ऋतूंत कोपरे दाबून पाहावेत.

एकटी जाड चादर धुऊ नका. ती भिजून एका बाजूला गोळा होते. सोबत चार हलके कपडे टाका. फ्रंट लोड मशीन नवं असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढले आहेत ना, हे पाहा. रिकामं मशीन पिळायला लावूनही ते धडधडत असेल, तर स्प्रिंग किंवा डँपर गेला असावा. तेव्हा मात्र मेकॅनिकला बोलवा.