लोणावळ्यात काय झालं? हेरमालिकांतल्या थापांचा मसाला

हेरांच्या मालिकेत बंदुका वाजतात, गाड्या उलटतात, पण खरी मजा असते कोण कोणाला टोपी घालतंय हे ओळखण्यात. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्याशी तर या खेळाचं नातं बरंच जुनं आहे. (सावधान! 'द फॅमिली मॅन' बघायची राहिली असेल, तर पुढे सगळं फुटणार आहे.)

लोकलने गाठता येणारं रहस्य
20 सप्टेंबर 2019 रोजी आलेल्या 'द फॅमिली मॅन'मध्ये अतिरेकी आहेत, कट आहेत, विषारी वायू आहे. प्रेक्षकांनी डोकं खाजवलं ते वेगळ्याच गोष्टीवर: मालिकेतला हेर श्रीकांत तिवारी, त्याची बायको सुची आणि तिचा सहकारी अरविंद लोणावळ्याला गेले, तिथे नेमकं काय झालं? पहिल्या दोन सीझनमध्ये उत्तर मिळालंच नाही. मीम्सचा मात्र पाऊस पडला. आकुर्डीहून लोकल पकडली की शेवटचं स्टेशन लोणावळा, तरी हे कोडं काही सुटेना! देशाच्या सुरक्षेपेक्षा शेजारच्या घरात काय चाललंय यातच आपला जीव जास्त अडकतो, हे लेखकांनी बरोब्बर हेरलं होतं.

महाराजांच्या भूमिकेतला 'संशयित'
हा अरविंद म्हणजे शरद केळकर. 'तान्हाजी'त (2020) त्यांनीच शिवाजी महाराज साकारले. हिंदी 'बाहुबली'त प्रभासच्या तोंडून ऐकू येतो तो आवाजही त्यांचाच. इतका भारदस्त, भरवशाचा आवाज असलेल्या माणसावर संशय घ्यायला लावायचा, हीच तर कास्टिंगची खोडी.

'मिनिमम' नोकरी, मॅक्झिमम थापा
श्रीकांत घरी सांगतो, आपलं साधं सरकारी टेबलावरचं काम. 4 जून 2021 रोजी आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये तो हेरगिरी सोडून आयटी कंपनीत जातो. आता तरी लपवाछपवी संपेल? छे! आता तो ऑफिसात बसून जुना सहकारी जेके तळपदेला चोरून फोन लावतो आणि मोहिमेची खबर काढतो. वर तरुण साहेब 'मिनिमम गाय' होऊ नकोस म्हणून उपदेश पाजतो आणि शेवटी श्रीकांतच्या हातचा मार खातो. हिंजवडीत हा प्रसंग किती जणांनी मागे घेऊन पुन्हा पाहिला असेल, देव जाणे. मालिकेचे कर्ते राज आणि डीके हे दोघेही इंजिनिअर. अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करून सिनेमात आलेले. त्यामुळे साहेबाचं पात्र इतकं खरं वाटतं, यात नवल नाही.

खाली मान घालून काम करणारी राजी
दुसऱ्या सीझनमधली राजी (समंथा) चेन्नईतल्या गिरणीत कामाला असते. सुपरवायझरचा त्रास सोसते, बसने येते-जाते, कोणाच्या अध्यामध्यात नसते. प्रत्यक्षात ती लढण्यात तयार झालेली बंडखोर असते. शिफ्टच्या गर्दीत शेजारच्या मशीनवर कोण उभं आहे, हे कोण निरखून बघतो? हेराला लपायला अंधार कशाला हवा? हजेरीपटावर नाव लागलं की झालं.

बिच्चारा मूसा
पहिल्या सीझनमधला मूसा जखमी, भोळा, आईच्या आठवणीने हळवा होणारा. आपल्याला त्याची कणव येते आणि तिथेच आपण फसतो, कारण कटाचा खरा मेंदू तोच निघतो. दुसऱ्या सीझनमध्ये श्रीकांतची मुलगी धृती अशाच एका गोड मित्राच्या नादी लागते आणि तिचं अपहरण होतं. जगाचे बेत ओळखणाऱ्या बापाला घरातला मोबाइल ओळखता आला नाही.

चाकणची उधारी, लाल महालात वसुली
आता पडद्याबाहेर. 1660 मध्ये शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला जवळपास दोन महिने झुंजवला. सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. हिशेब 5 एप्रिल 1663 च्या रात्री चुकता झाला. शिवरायांची काही माणसं लग्नाच्या वरातीचा परवाना काढून पुण्यात शिरली, असं मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. वरातीवर कोण शंका घेणार? शायिस्ताखानाची बोटं त्या रात्री लाल महालात राहिली.

दिघीची झारा
आता अलीकडची गोष्ट. मे 2023 मध्ये दिघीजवळच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसने अटक केली. ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याचं सांगणाऱ्या 'झारा दासगुप्ता' या नावामागच्या पाकिस्तानी हेराला त्यांनी गोपनीय माहिती पुरवली, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. या प्रकरणात एकही बंदूक नाही, फक्त चॅट आहेत.

लेखकही पक्के
पुन्हा पडद्याकडे. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीवर बीबीसीने 1979 मध्ये मालिका केली. गुप्तहेर खात्याच्या आतच बसलेला फितूर शोधण्याची ही गोष्ट. तिचे लेखक जॉन ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होते आणि हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. अमेरिकी मालिका 'द अमेरिकन्स' रचणारे जो वाइसबर्ग हे सीआयएचे माजी कर्मचारी. त्यामुळे त्यांचं लिखाण आधी सीआयएकडून तपासून घ्यावं लागे. थापांची गोष्ट रचणाऱ्यावरही भरवसा नाही!

मग संशय घ्यायचा कोणावर?
पुढची हेरमालिका बघताना तीन माणसांवर नजर ठेवा: ज्याची सगळ्यात जास्त दया येते तो, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं तो, आणि 'माझं काय, साधं टेबलावरचं काम' म्हणणारा. आणि हे तिघेही निर्दोष निघाले, तर समजा लेखकाने या वेळी तुम्हालाच टोपी घातली.