स्मार्ट मीटर : बचत नेमकी कुणाची?

बेस्टने आपल्या सुमारे साडेदहा लाख वीजग्राहकांचे जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसविण्याचे ठरविले आणि २०२२ मध्ये त्याचे कंत्राट अदानी समूहाच्या कंपनीला मिळाले. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीज बेस्टची. म्हणजे शीव कोळीवाड्यातील चाळी आणि झोपुच्या इमारतीही त्यात आल्याच. सांगितले गेले की, या मीटरमुळे विजेची बचत होईल.

मीटर बचत करीत नाही, मीटर मोजतो. बचत तिथेच होते, जिथे उधळपट्टी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारतींत वातानुकूलन, दिवे, लिफ्ट संगणकाला जोडता येतात. माणूस उठून गेला की दिवा आपोआप विझतो. तिथे हे तंत्रज्ञान हवेच. पण २२५ चौरस फुटांच्या खोलीत एक पंखा, एक ट्यूब, एक टीव्ही. तिथे संगणक बंद काय करणार? जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. बारा तास फिरला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. हा पंखा कामगाराच्या घरात पोहोचावा म्हणून कुणी एवढे मोठे कंत्राट काढले आहे काय?

आमच्या इमारतींत उधळपट्टी नाही असे मात्र कुणी म्हणू नये. ती आहे, पण घरात नव्हे, जिन्यात आहे. झोपुच्या इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की मधल्या बोळात भरदुपारी दिवा लावावा लागतो. वीस वॅटच्या साठ ट्यूब चोवीस तास जळल्या तर महिन्याला ८६४ युनिट होतात. पंप बंद करायला कुणी नसले की टाकी वाहते, पाणीही जाते आणि वीजही. हे सामायिक बिल थकते, मग लिफ्ट बंद पडते आणि चौदाव्या मजल्यावरची म्हातारी घरातच कोंडली जाते. माणसाच्या चाहुलीने लागणारा दिवा आणि टाकी भरताच थांबणारा पंप, स्मार्ट तंत्रज्ञान हवे ते इथे.

आता कायद्याकडे वळू. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेड मीटरमध्ये पैसे संपले की वीज गेली! नोटीस कुणाला आणि कधी? कलम ४७(५) प्रीपेडला ग्राहकाची तयारी मानते, सक्ती नव्हे. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी मात्र प्रीपेड हाच नियम आणि बाकी सारे अपवाद केले. नियम कायद्यापेक्षा मोठा कधी झाला? लोक रस्त्यावर आले, तेव्हा जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. पण स्मार्ट मीटर दुरूनही बंद करता येतो आणि घरात वीज कधी वापरली जाते याची नोंदही ठेवतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. ही नोंद कुणाच्या हाती जाते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि विजेचा विषयही त्यांच्याच अखत्यारीत होता. वीज मुबलक आणि स्वस्त हवी, अशी त्यांची भूमिका होती. त्या दृष्टीने गुरू तेगबहादूर नगरकडे पाहावे. तिथे सिंधी निर्वासितांच्या २५ इमारतींचा म्हाडामार्फत पुनर्विकास करण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. तिथे जिन्यात उजेड, गच्चीवर सौर पॅनेल आणि आपोआप थांबणारा पंप नकाशातच धरता येतो. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आणता येतात. मग पुनर्वसनाच्या इमारती का सोडायच्या?

कोळीवाड्यातील सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा : सामायिक दिवे, पंप आणि लिफ्टचा वर्षभराचा वीजखर्च लिहून काढावा आणि त्या आकड्यांसह झोपु प्राधिकरणाकडे लेखी मागणी करावी. बिल अवास्तव आले तर बेस्टच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे, तिथे न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालाकडे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.