विमानतळ ते डिस्नीलँड : गाडीने किती वेगाने धावावे?

आरंभीच एक कोडे घालतो. दोन स्थानकांमधले अंतर २५ किलोमीटर आहे. पहिल्या गाडीचा कमाल वेग ताशी १८० किलोमीटर, तर दुसरीचा ताशी २७० किलोमीटर. म्हणजे दुसरी गाडी दीडपट वेगवान. दोन्ही गाड्या एकाच क्षणी निघाल्या, तर दुसरी किती आधी पोचेल? उत्तर कागदावर लिहून ठेवा. लेख वाचून होईपर्यंत ते खोडू नका.

हे कोडे नुसते पुस्तकी नाही. विमानातून उतरलेल्या प्रवाशाला जवळच्या करमणूक नगरीत आगगाडीने कसे न्यावे, हा प्रश्न जगातील तीन शहरांपुढे आला आणि तिघांनी तो तीन प्रकारे हाताळला. त्या तिन्ही प्रकारांमागे जे पदार्थविज्ञान आहे, ते तुमच्या नववी-दहावीच्या गतीच्या समीकरणांपलीकडचे नाही.

पॅरिस : वाटेवर मिळालेला दुवा

पॅरिसच्या पूर्वेला मार्न-ला-व्हॅले येथे १९९२ च्या एप्रिल महिन्यात डिस्नीची करमणूक नगरी सुरू झाली. १९९४ मध्ये तिच्या प्रवेशद्वाराशीच अतिवेगवान गाड्यांचे स्थानक उघडले आणि त्याच वर्षी शार्ल द गोल विमानतळालाही असे स्थानक मिळाले. ही दोन्ही ठिकाणे एकाच लोहमार्गावर आहेत. पॅरिस शहरात न शिरता त्याला पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडचे आणि आग्नेयेकडचे अतिवेगवान मार्ग जोडावेत, यासाठी तो मार्ग बांधला गेला. विमानतळ आणि डिस्नी हे त्याच्या वाटेवरचे थांबे. सरळ रेषेत त्यांच्यात वीस-बावीस किलोमीटरचे अंतर आहे आणि गाडी ते सुमारे दहा मिनिटांत कापते. या मार्गावरचा कमाल वेग आहे ताशी २७० किलोमीटर!

आता आपण हिशेब करू. लोहमार्गाची लांबी सोयीसाठी २५ किलोमीटर धरा. सुटताना गाडीचे त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे ०.३ मीटर आणि थांबताना मंदन ०.५ मीटर धरा. ताशी २७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. शून्यापासून हा वेग गाठायला ७५ भागिले ०.३, म्हणजे २५० सेकंद लागतील. त्या काळात कापलेले अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. ते येते ९,३७५ मीटर. थांबायला १५० सेकंद आणि ५,६२५ मीटर लागतील. बेरीज करा. २५ किलोमीटरपैकी १५ किलोमीटर केवळ वेग वाढवण्यात आणि कमी करण्यात गेले! पूर्ण वेगाने धावायला उरले फक्त १० किलोमीटर, आणि त्यांना लागतील १३३ सेकंद. एकूण वेळ ५३३ सेकंद, म्हणजे नऊ मिनिटांना थोडा कमी.

हेच गणित ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर या वेगासाठी तुम्ही स्वतः करून पाहा. उत्तर ६३३ सेकंद येईल. दोन गाड्यांमधला फरक फक्त १०० सेकंदांचा! वेग दीडपट झाला, पण प्रवासाचा वेळ साधारण एकषष्ठांशानेच घटला. उलट, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेगवान गाडीला दीडाचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट गतिज ऊर्जा द्यावी लागते. हवेचा विरोधही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. शंभर सेकंदांची ही किंमत आहे.

तुमचे उत्तर किती होते? पुष्कळांनी २५ ला १८० ने आणि २७० ने भागून पावणेतीन मिनिटे असे लिहिले असेल. ते चुकले, कारण त्यात गाडी सुटल्याक्षणीच पूर्ण वेगात आहे असे गृहीत धरले गेले. यावरून एक नियम लक्षात ठेवा : स्थानके जितकी जवळ, तितका कमाल वेगाचा उपयोग कमी.

हाँगकाँग : समोरून जाते, पण थांबत नाही

हाँगकाँगचा नवा विमानतळ जुलै १९९८ मध्ये सुरू झाला आणि त्याच दिवशी तेथून शहराच्या मध्यभागी जाणारी जलद गाडीही सुरू झाली. सुमारे ३५ किलोमीटरचा हा प्रवास २४ मिनिटांचा आहे. पुढे २००५ च्या सप्टेंबरमध्ये याच मार्गाजवळ डिस्नीलँड उघडले. आता कोणालाही वाटेल की जलद गाडीला तेथे एक थांबा दिला असेल. पण तसे झाले नाही. विमानतळाची गाडी सनी बे नावाच्या स्थानकातून न थांबता पुढे निघून जाते. डिस्नीलँडला जाणाऱ्याने दुसऱ्या, साध्या मार्गाच्या गाडीने सनी बेला यायचे आणि तेथून साडेतीन किलोमीटरच्या एका छोट्या शाखामार्गाने पुढे जायचे. विमानतळावरून येणाऱ्याला तर या साध्या गाडीसाठी आधी बसने तुंग चुंग स्थानक गाठावे लागते.

असे का केले असावे? एका थांब्याची किंमत काढू. जलद गाडीचा कमाल वेग ताशी १३५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३७.५ मीटर आहे. त्वरण आणि मंदन दोन्ही ०.५ धरले, तर थांबायला ७५ सेकंद लागतील. तेवढेच अंतर न थांबणारी गाडी निम्म्या वेळात कापते. म्हणजे थांबताना ३७.५ सेकंद वाया गेले, पुन्हा वेग घेताना आणखी ३७.५ सेकंद गेले. सामान घेऊन चढ-उतार करायला एक मिनिट धरा. एकूण तोटा सव्वादोन मिनिटांचा. चोवीस मिनिटांच्या प्रवासात जवळजवळ दहावा हिस्सा! शिवाय हा तोटा गाडीतल्या प्रत्येकाला सोसावा लागतो, डिस्नीलँडशी ज्याचा काही संबंध नाही त्यालाही. ज्यांनी मुंबईची जलद लोकल पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जलद लोकलचा वेळ इंजिनाच्या जोरावर वाचत नाही, तर गाळलेल्या स्थानकांमुळे वाचतो.

ऑर्लँडो : न झालेला दुवा

आता अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याकडे वळू. ऑर्लँडो शहराजवळ १९७१ साली वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. त्याचा विस्तार सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. त्यात चार मोठ्या करमणूक नगऱ्या आणि दोन डझनांहून अधिक हॉटेले विखुरलेली आहेत. १९९० मध्ये शहरात युनिव्हर्सल कंपनीची नगरीही सुरू झाली. विमानतळ डिस्नीपासून रस्त्याने साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि २०२३ साली त्याने ५ कोटी ७० लाखांहून अधिक प्रवासी हाताळले. तरीही या दोहोंमध्ये आगगाडी नाही. गंमत म्हणजे डिस्नीच्या आवारात १९७१ पासून एकरुळी गाडी धावते आहे, पण ती आवाराबाहेर कधी पडली नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय बलाने अधांतरी धावणाऱ्या जर्मन पद्धतीच्या गाडीची योजना पुढे आली. ती कागदावरच राहिली. २०१० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ऑर्लँडो ते टँपा या अतिवेगवान मार्गासाठी मदत जाहीर केली. त्यावर विमानतळ आणि डिस्नी दोन्ही ठिकाणी स्थानके होणार होती. पण खर्च वाढला तर तो राज्याच्या करदात्यांवर पडेल, असे कारण देऊन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये ती मदत नाकारली. २०२० मध्ये ब्राइटलाइन या खासगी रेल्वे कंपनीने डिस्नीच्या जागेवर स्थानक बांधण्याचा करार जाहीर केला. परंतु पुढे मार्गाची आखणी बदलून तो अधिवेशन केंद्राच्या बाजूने नेण्याचे ठरू लागले, तेव्हा २०२२ मध्ये डिस्नीने स्थानकातून अंग काढून घेतले. मायामीहून निघणारी ब्राइटलाइनची गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये ऑर्लँडो विमानतळापर्यंत पोचली, आणि तेथेच थांबली. या गाडीचा कमाल वेग ताशी २०० किलोमीटर आहे; पण ३७८ किलोमीटरला साडेतीन तास लागतात, म्हणजे सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटरच पडतो!

वाद आखणीवरून होतो, यालाही पदार्थविज्ञानाचे एक कारण आहे. वळणावर गाडीला केंद्रगामी त्वरण लागते आणि त्याचे मूल्य म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. म्हणून वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवतात. दीड मीटर रुंदीला पंधरा सेंटिमीटर उंची दिली, तर गुरुत्वत्वरणाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे १ मीटर एवढे त्वरण त्या कलामुळे मिळते. आणखी तेवढेच प्रवासी फारशी तक्रार न करता सहन करतो. असे एकूण २ मीटर धरले, तर ताशी १०० किलोमीटरसाठी जवळजवळ ४०० मीटर त्रिज्या पुरते. ताशी २०० किलोमीटरसाठी मात्र दीड किलोमीटरहून अधिक लागते. वेग दुप्पट, त्रिज्या चौपट! घरे, हॉटेले आणि हमरस्ते यांनी भरलेल्या शहरात एवढी मोठी वळणे कोणाच्या दारावरून न्यायची? गाडीचा वेग जितका अधिक, तितका तिचा मार्ग हट्टी होतो.

वाट पाहण्याचे गणित

एवढ्यावरून तुम्ही म्हणाल की दुवा न झाला तेच बरे. थांबा. अजून आपण सर्वांत मोठा घटक हिशेबात घेतलेला नाही. तो म्हणजे फलाटावर वाट पाहण्यात जाणारा वेळ.

दोन गाड्यांमध्ये एक तासाचे अंतर असेल, तर एखाद्याला नशिबाने लगेच गाडी मिळेल आणि एखाद्याला पूर्ण तास थांबावे लागेल. सरासरी अर्धा तास. घरून निघणारा माणूस वेळापत्रक पाहून निघू शकतो. विमानातून उतरणाऱ्याला ते शक्य नसते, कारण विमान केव्हा उतरेल आणि सामान केव्हा हाती येईल हे त्याच्या हाती नाही. तेव्हा तासाला एक याप्रमाणे सुटणाऱ्या २७० च्या गाडीने सरासरी ३० अधिक ९, म्हणजे ३९ मिनिटे लागतील. दर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या १८० च्या गाडीने ५ अधिक साडेदहा, म्हणजे साडेपंधरा मिनिटे. हळू गाडी निम्म्याहून कमी वेळात पोचवते! पॅरिसच्या गाड्या दूरदूरच्या शहरांना जाणाऱ्या असल्यामुळे त्या अशा सतत सुटत नाहीत, हेही लक्षात घ्या.

मग दर दहा मिनिटांनी गाडी का सोडू नये? कारण त्यासाठी तेवढी माणसे हवीत. ऑर्लँडोचे आकडे घेऊ. वर्षाला ५ कोटी ७० लाख म्हणजे दिवसाला दीड लाखाहून थोडे अधिक. त्यातले निम्मे येणारे. समजा त्यांतील पाचातला एक करमणूक नगरीकडे गाडीने निघाला, तर दिवसाला सुमारे पंधरा हजार, म्हणजे पंधरा तासांत तासाला एक हजार माणसे होतात. पाचशे आसनांची गाडी असेल, तर तासाला दोनच गाड्या भरतात आणि सरासरी पंधरा मिनिटे वाट पाहावी लागते. बसमध्ये पन्नास माणसे बसतात, म्हणून दर तीन मिनिटांनी एक बस सुटते. डिस्नीने २००५ ते २०२१ पर्यंत आपल्या हॉटेलांतील पाहुण्यांना विमानतळावरून अशी बस मोफत दिली होती, आणि ती थेट हॉटेलच्या दारात सोडत असे. आगगाडीला एका स्थानकावर उतरवता येते, वीस दारांत नाही.

यातून वाट कोणती? गाडी लहान करायची आणि वारंवार सोडायची. पण गाड्या वाढल्या की चालकही वाढतात. म्हणूनच हाँगकाँगच्या त्या छोट्या शाखामार्गावर चालकाविना धावणारी, चार डब्यांची गाडी आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की, रोज ये-जा करणारे प्रवासी मिळवायचे. डिस्ने वर्ल्डमध्ये सत्तर हजारांहून अधिक माणसे काम करतात. पर्यटक आयुष्यात एकदा-दोनदा येतो. खोल्या आवरणारी बाई आणि उपाहारगृहातला आचारी मात्र आठवड्यातून पाच दिवस येतात, आणि हमरस्त्यावर वाहने खोळंबली की त्यांचा पगाराचा वेळ बुडतो. रस्त्यावरच्या बसचा वेग पुढच्या मोटारीवर अवलंबून असतो. स्वतंत्र रुळांवरच्या गाडीचा तसा नसतो. हा तिचा खरा फायदा आहे, आणि तो कमाल वेगाच्या आकड्यात कोठेच दिसत नाही. मार्ग केवळ पाहुण्यासाठी आखला, तर एकच लांबचा थांबा आणि मोठा वेग पुरेसा वाटतो. कामगारासाठीही आखला, तर अधिक थांबे, बेताचा वेग आणि दर दहा मिनिटांनी गाडी हवी. कोणाचा वेळ मोजायचा, हे समीकरण सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते. समीकरण एवढेच सांगते की, कोणाची किती मिनिटे कोठे खर्ची पडतात.

करून पाहा

पुढचा आठवडाभर घरापासून शाळेपर्यंतच्या वेळेचे तीन भाग करून वहीत लिहा : चालण्याचा, वाट पाहण्याचा आणि प्रत्यक्ष वाहनात बसल्याचा. रोजची बेरीज आणि आठवड्याची सरासरी काढा. मग असा विचार करा की, तुमच्या बसचा वेग दीडपट झाला तर किती मिनिटे वाचतील, आणि बसच्या फेऱ्या दुप्पट झाल्या तर किती? दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडा. शिक्षकांनी साऱ्या वर्गाचे आकडे फळ्यावर एकत्र केले, तर गावातील कोणत्या भागातल्या मुलांचा वेळ सर्वांत अधिक वाया जातो, हेही कळेल. तो कागद एस. टी. च्या आगारप्रमुखांना किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात नेऊन दाखवायला काहीच हरकत नाही.