सर्व्हर स्वतःचा, रनरही स्वतःचा
औंढा नागनाथजवळ दुधाळा इथं लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या 4 किलोमीटरच्या भुजा आणि 2023 मध्ये मंजूर झालेले 2,600 कोटी सगळ्यांना ठाऊक. कोडकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. लायगोच्या जगभरच्या शास्त्रज्ञांचा कोड त्यांच्या स्वतःच्या गिटलॅब सर्व्हरवर असतो. कुणी बदल चढवला की 'रनर' नावाचा प्रोग्राम तो उतरवून घेतो, चाचण्या चालवतो. एक जरी नापास झाली तरी लाल फुली! गंमत म्हणजे रनर खासगी नेटवर्कच्या आत बसूनही चालतो. काम आहे का, हे तोच सर्व्हरला विचारत राहतो, म्हणून फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. पण अनोळखी माणसाचा कोड त्यावर चालू दिला, तर तो आतल्या यंत्रांपर्यंत पोचू शकतो.