क्षमता निम्मी, वीज मात्र निम्मी नाही

जून 2025 मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 50 टक्क्यांवर गेला. हे ऐकून आपली निम्मी वीज आता सूर्य-वाऱ्याची झाली, असे कुणालाही वाटेल; पण ते खरे नाही. एक तर त्या 50 टक्क्यांत मोठी धरणे आणि अणुवीजही धरलेली आहे. दुसरे, क्षमता म्हणजे संच पूर्ण ताकदीने चालला तर किती वीज देईल, एवढाच आकडा. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प रात्र आणि ढग वजा जाता वर्षाला साधारण 15 ते 17 लाख युनिट देतो. तेवढाच कोळशाचा संच सरासरीने चालला तरी 60 लाखांच्या आसपास. म्हणून 2024-25 मध्येही प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक होता.

मग सौर-पवन कुचकामीच, असा उलटा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे. वीज कोणत्या वेळी मिळते, याला मोल आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट, पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधलेले. वर्षभर अखंड चालवायला ते पुरणार नाही, म्हणून मागणी चढते त्या वेळेसाठी राखले जाते. कोयनेला म्हणून कुणी निरुपयोगी म्हणत नाही. देवगड तालुक्यातल्या मिठबावच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ऊन हरवते, त्याच महिन्यांत नैर्ऋत्य वारा जोर धरतो. देवगडच्या पवनचक्क्या हिवाळ्यात मंद दिसल्या म्हणून वारा बिनकामाचा ठरत नाही. एकाची पडती बाजू दुसरा सावरतो, मिश्रणाचा उपयोग तो हाच.

एप्रिल-मेच्या संध्याकाळचे काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. सूर्य मावळलेला, वारा मंद, धरण उतरलेले आणि पंखे सगळीकडे सुरू. त्यावर उपाय साठवणुकीचा. घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प मागणी कमी असताना पाणी वर चढवतो आणि गरजेच्या वेळी ते सोडून वीज करतो. यात थोडी वीज वाया जाते, तरी आज अशा साठवणुकीचीच सर्वांत मोठी वाण आहे. साठवणूक वाढेपर्यंत कोळसा सुटणार नाही. छपरावर सौर संच असला की लाइट गेली तरी घरात वीज राहते, हा गैरसमजही साठवणूक विसरल्यामुळेच. वादळात लाइट गेली की खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून साधा ग्रीडजोड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. बॅटरीची सोय नसेल, तर भर उन्हातही घरातला पंखा फिरत नाही.