रात्री हाताला मुंग्या येतात?

रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच रुग्ण येतात. त्यांत स्त्रिया अधिक. तोवर ‘वात’ समजून तेल चोळून झालेले असते, नाही तर ‘रक्त पोहोचत नाही’ म्हणून ताकदीच्या गोळ्या खाऊन झालेल्या असतात. दुखणे असते मनगटात. त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

मनगटात तळव्याच्या बाजूस हाडे आणि एक चिवट बंध यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकविणाऱ्या स्नायूंच्या ९ दोऱ्या आणि मीडियन नावाचा एक मज्जातंतू जातो. मनगट मुडपले की बोगद्यातील दाब वाढतो व हा मऊ मज्जातंतू चेपला जातो. झोपेत हात उशाखाली दुमडला जातो, म्हणून त्रास रात्री जास्त. मुंग्या अंगठा व त्यालगतच्या बोटांना येतात. करंगळीचा मज्जातंतू या बोगद्यातून जात नाही, त्यामुळे ती सुटते. पायांनाही मुंग्या येत असतील तर कारण बहुधा वेगळे असते.

उपाय साधा आहे: मनगट सरळ ठेवणे. औषधाच्या दुकानात धातूची पट्टी असलेला मनगटाचा पट्टा मिळतो. तो फार न आवळता रात्री बांधून झोपावे आणि निदान ६ आठवडे नेटाने वापरावे. चार दिवसांत पट्टा कपाटात गेला तर गुण कसा येणार?

दिवसा हात आवळून करायची कामे जपून करावीत. जाड चादरी पिळण्यापेक्षा दोरीवर निथळत टाकाव्यात. खुरप्याची किंवा विळ्याची मूठ बारीक असली की ती जास्त आवळावी लागते. तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड करावी. कणीक, लाटणे, शिलाई यांत मध्येच हात मोकळा सोडावा. लोक संगणकाला दोष देतात, पण माझ्या मते जोराची पकड आणि ग्राइंडर, ड्रिल यांसारख्या यंत्रांचे हादरे अधिक घातक. आडवे पडून, मनगट मुडपून तासभर मोबाइल पाहणेही नको.

सर्वच हातात नसते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात यांत हा त्रास वाढतो, म्हणून रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणातही तो होतो, पण बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो.

मात्र कपाची दांडी हातून सुटू लागली, ब्लाऊजची बटणे लावता येईनात, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर थांबू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवावा. शस्त्रक्रिया लहान असते, बहुधा फक्त हात बधिर करून होते. रात्रीच्या मुंग्या त्यानंतर सहसा लवकर जातात; सुकलेला स्नायू पुन्हा भरेलच असे नाही.